दर्या आणि दऱ्या: डेटाबेस डिझाइन टूल बनवणाऱ्या टीमला खुलं पत्र

स. न. वि. वि.

टेबलांचे चौकोन मांडायचे, त्यांना रेघांनी जोडायचं आणि शेवटी एक बटण दाबून एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमांची, स्क्रिप्ट बाहेर काढायची, असं टूल तुम्ही बनवता. मी ते रोज वापरतो. नाव इथं घेत नाही. तुमचं तुम्हाला कळेल. शिवाय याच जातीची चूक मला इतर टूलांतही भेटली आहे, तेव्हा बाकीच्यांनीही आपापल्या घरात डोकावून पाहायला हरकत नाही.

तक्रार छोटी आहे. कॉलमला मी स्वतः निवडून दिलेला कॅरेक्टर सेट (कुठली अक्षरं साठवायची) आणि कोलेशन (दोन शब्द सारखे की वेगळे नि त्यांचा क्रम काय, याचा नियम) तुमचं टूल एक्सपोर्ट करताना, म्हणजे स्क्रिप्ट बाहेर काढताना, गाळतं. आणि गाळलं हे सांगत नाही. नुसतं गाळलं असतं तर मी पत्र लिहायला बसलो नसतो, बग कुणाच्या कोडमध्ये नसतात? न सांगता गाळलं, म्हणून लिहितोय.

काय झालं ते आधी सांगतो.

आम्ही शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामसाठी मराठी शब्दांची यादी तयार करत होतो. डेटाबेस मायएसक्यूएल ८. मुख्य टेबलात मजकुराचे तीन कॉलम होते आणि तिघांची कोलेशन तीन वेगवेगळी, हौस म्हणून नव्हे, विचार करून दिलेली. पहिला 'शब्दरूप': शब्द जसा लिहितात तसाच्या तसा, आणि त्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच शब्द दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. याला बायनरी, म्हणजे बाइटला बाइट ताडणारं कोलेशन, यूटीएफ८एमबी४_बिन. दुसरा 'शोधरूप': शोधताना लोक वाट्टेल तसं टाइप करतात, म्हणून याला सैल कोलेशन, यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय. तिसरा 'संकेत': प्रत्येक नोंदीचा आठ अक्षरी कोड, त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे, कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरायचं. त्याला ॲस्की_बिन.

पहिल्या कॉलमला बायनरी का, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथंच आहे. कोलेशनच्या नावातलं 'एआय' म्हणजे हल्ली जिथं तिथं ऐकू येतं ते एआय नव्हे. अक्षराच्या अंगावरच्या खुणा मोजायच्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. 'सीआय' म्हणजे कॅपिटल-स्मॉल मोजायचं नाही. फ्रेंच शब्द डोक्यावरच्या खुणांसकट लिहिला काय नि खुणा गाळून लिहिला काय, शोधताना सापडतो. युरोपातल्या भाषांसाठी मोठी सोय. पण युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाच्या, लेखी देवनागरीतला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) हीसुद्धा तसलीच एक खूण आहे. आणि आपला 'ऱ', म्हणजे दऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर यांतला, युनिकोडमध्ये 'र' अधिक नुक्ता असा फुटतो. शब्दांची तुलना करताना नुक्त्याला पहिल्या पातळीचं, म्हणजे मूळ अक्षराचं, वजनच नाही, आणि एआय कोलेशन पहिल्या पातळीपलीकडे बघत नाही. म्हणजे समुद्र या अर्थाचा दर्या आणि डोंगरांमधल्या दऱ्या, त्याला दोन्ही एकच. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांतही त्याला फरक दिसत नाही; फरक कळतो तो बोलावलेला माणूस दारात उभा राहिल्यावर.

हे दुखणं फक्त आपलं नाही. जपानी भाषेत 'हाहा' म्हणजे आई आणि 'पापा' म्हणजे बाबा. लिहिताना दोहोंत फरक तो अक्षराच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणेचा. याच कोलेशनमध्ये आई आणि बाबा एकरूप होतात, आणि तिथल्या डेटाबेसवाल्यांत हा किस्सा जुना झालाय.

कोणी म्हणेल, मग खुणा मोजणारं एएस_सीएस कोलेशन का नाही घेतलं? कारण 'ऱ्य' लिहिण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. एकीत 'ऱ' हे अक्षर वापरतात. दुसरीत साधा 'र', हलन्त, आणि मागोमाग डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. जुन्या फाइलींमध्ये ही दुसरी रीत सर्रास सापडते. त्या जॉइनरला तुलनेच्या कुठल्याच पातळीवर वजन नाही, त्यामुळे एएस_सीएससुद्धा तिथं फसतं. म्हणून बायनरी. बाइट वेगळे तर शब्द वेगळा, विषय संपला. दोन रीतींची एक करायचं काम आमचा कोड डेटा भरण्याआधीच करतो.

इतका विचार करून तुमच्या टूलमध्ये कॉलम उघडला, ड्रॉपडाउनमधून बिन निवडलं, सेव्ह केलं. फाइल बंद करून पुन्हा उघडली. निवड जागच्या जागी होती. कॉमेंटच्या रकान्यात मी लिहूनही ठेवलं: 'बायनरी कोलेशन मुद्दाम दिलं आहे, बदलू नये.' मग स्क्रिप्ट काढली. तिच्यात त्या कॉलमची ओळ अशी आली: शब्दरूप, व्हारचार १२०, नॉट नल, कॉमेंट 'बायनरी कोलेशन मुद्दाम दिलं आहे, बदलू नये.'

कॉमेंट आली, कोलेशन नाही आलं. एखाद्याच्या हाती 'पाकीट सोबत आहे' अशी चिठ्ठी पाठवावी आणि त्याने चिठ्ठी पोचती करून पाकीट खिशात ठेवावं, तसं.

ती ओळ मी तेव्हाच वाचायला हवी होती. वाचली नाही. स्क्रिप्ट लांबलचक होती आणि ती वाचावी लागू नये म्हणूनच तर टूल घेतलेलं. स्क्रिप्ट चालली, एकही एरर नाही. टेबल तयार झालं, आणि कोलेशन न सांगितलेल्या तिन्ही कॉलमांनी टेबलाचं डिफॉल्ट उचललं: ०९००_एआय_सीआय.

डेटा भरताना आम्ही 'इन्सर्ट इग्नोर' वापरलं होतं, कारण वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या याद्यांत तेच ते शब्द खरोखरच पुन्हा येत होते. ही आमची चूक, कबूल. इग्नोर म्हटलं की १०६२ नंबरची डुप्लिकेट एंट्रीची एरर नुसती वॉर्निंग होऊन खाली बसते, आणि वॉर्निंग कोण वाचतो? यादी कोड पॉइंटच्या, म्हणजे युनिकोडमधल्या क्रमांकांच्या, क्रमाने लावलेली होती. युनिकोडमध्ये 'र' आधी, 'ऱ' त्याच्या लगेच नंतर. त्यामुळे दर जोडीत 'र'वाला शब्द आधी आत गेला आणि 'ऱ'वाला दारातूनच परत फिरला. पहिल्याने जागा धरली, दुसऱ्याला 'तुम्ही आधीच आत आहात' असं सांगून वाटेला लावलं.

कळलं कसं? सहकारी काहीतरी टाइप करत होती आणि 'दऱ्या'खाली लाल रेघ आली. तिने विचारलं, "हा शब्द आपल्याकडे नाही?" मी म्हटलं असणारच. मूळ फाइलीत शोधला, होता. टेबलात दऱ्या शोधला, तर एक ओळ मिळाली. म्हणजे आहे की! ती ओळ नीट वाचल्यावर दिसलं, शोधला दऱ्या आणि मिळाला दर्या. शोधणाराही तोच सैल नियम वापरत होता ना, त्यामुळे चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असूनही तो आम्हाला सांगणार नव्हता.

मग आधी फॉन्टवर संशय घेतला. मग कीबोर्डवर. मग फाइलच्या एन्कोडिंगवर, कनेक्शनच्या कॅरेक्टर सेटवर, आमच्याच एकीकरणाच्या कोडवर. टूलवर संशय यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण टूल उघडून पाहावं तर तिथं बिन लिहिलेलंच दिसायचं. दोन दिवस गेले. शेवटी सर्व्हरवर 'शो क्रिएट टेबल' (टेबल प्रत्यक्षात कसं बनलंय ते दाखवणारा हुकूम) चालवलं आणि डोक्याला हात लावला.

संकेताच्या कॉलमचीही तीच गत. कॅपिटल, स्मॉल आणि आकडे मिळून ६२ चिन्हं. कॅपिटल-स्मॉल एक झाले की उरतात ३६. आठ अक्षरी कोडांची संख्या ६२च्या आठव्या घातावरून ३६च्या आठव्या घातावर येते, म्हणजे साधारण सत्त्याहत्तरावा हिस्सा. आमच्याकडे युनिक इंडेक्स होता म्हणून निदान नवा कोड नाकारला तरी गेला असता. इंडेक्स नसता तर एकाच्या कोडवर दुसऱ्याची नोंद उघडली असती. हाच कॉलम एखाद्याने पासवर्ड बदलण्याच्या लिंकसाठी वापरला असेल तर काय, याचा विचार तुम्हीच करा.

आता तुमच्याकडून बहुतेक येईल ते उत्तर: कोलेशन हा दिसण्याचा, क्रमवारीचा प्रश्न आहे, टेबलाची रचना तर बरोबर आली. नाही हो. डेटाबेसच्या इंडेक्समध्ये नोंदी ज्या क्रमाने बसतात तो क्रमच कोलेशन ठरवतं. दोन किंमती सारख्या की वेगळ्या हेही तेच ठरवतं, म्हणजे प्रायमरी की, युनिक की, जॉइन, ग्रुप बाय, डिस्टिंक्ट, सगळं त्याच्यावर उभं. ऑगस्ट २०१८मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली आणि तिच्यात क्रमवारीचे नियम बदलले. तिचे नियम वापरणाऱ्या पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या टेबलांत एक अक्षरही बदललं नव्हतं. तरी ऑपरेटिंग सिस्टीम वर नेल्यावर मजकुराचे इंडेक्स बिघडले आणि ते नव्याने बांधायला लागले. तेव्हा कोलेशनला रंगरंगोटी समजू नका, ते जोत्याचा दगड आहे.

आणि ही काही मायएसक्यूएलची वेगळी खोड आहे असंही नाही. कॅरेक्टर सेट आणि कोलेट हे शब्द १९९२च्या एसक्यूएल प्रमाणकातच आहेत. पोस्टग्रेसने कॉलमवार कोलेशन २०११ साली ९.१ आवृत्तीत दिलं. म्हणजे कॉलमच्या व्याख्येत हा भाग असतो हे तुम्हाला काल कळलेलं नाही. कळलंय म्हणूनच तर ड्रॉपडाउन दिलंत.

तुमच्या कोडमध्ये काय होत असावं, याचा माझा तर्क सांगतो. मायएसक्यूएलमध्ये हे सेटिंग चार मजल्यांवरून खाली येतं: सर्व्हर, डेटाबेस, टेबल, कॉलम. खालच्याने काही सांगितलं नाही तर वरच्याचं लागू. तुमचं टूल बहुधा पाहतं, की कॉलमचं सेटिंग टेबलासारखंच आहे का, आणि असलं तर 'कशाला पुन्हा लिहा' म्हणून सोडून देतं. ही तुलना कुठं तरी चुकते आणि वेगळं असलेलंही सुटतं. पण चूक दुरुस्त केलीत तरी मूळ कल्पना मला मान्य नाही. न सांगितलेलं आणि मुद्दाम सांगितलेलं, योगायोगाने सारखं निघालं तरी ते एक नव्हे. मी शोधरूपाला एआय_सीआय स्पष्ट दिलं होतं. आज टेबलाचं डिफॉल्टही तेच आहे. उद्या कोणी टेबलाचं डिफॉल्ट बदललं आणि नवी स्क्रिप्ट काढली, तर माझा शोध निमूटपणे कडक होईल. मी 'हेच हवं' म्हटलं होतं. तुम्ही त्याचं 'काहीही चालेल' केलंत. ध चा मा करायला निदान एक अक्षर लिहावं तरी लागतं.

याहून वाईट म्हणजे काही वेळा टेबलाच्या शेवटी यायचं डिफॉल्टही तुमच्या स्क्रिप्टमध्ये येत नाही. मग सगळा भार सर्व्हरवर. तीच फाइल मायएसक्यूएल ८वर चालवली तर यूटीएफ८एमबी४ मिळतं. ५.७वर कोणी कॉन्फिगरेशनला हात लावला नसेल तर लॅटिन१ (पश्चिम युरोपातल्या अक्षरांपुरता कॅरेक्टर सेट), आणि कोलेशन लॅटिन१_स्वीडिश_सीआय. मायएसक्यूएलची मूळ कंपनी स्वीडनची, त्याची ही खूण वर्षानुवर्षं जगभरच्या टेबलांवर उमटत राहिली. तिथं मराठी भरायला गेलात तर स्ट्रिक्ट मोडमध्ये (न मावणारी किंमत नाकारण्याच्या सेटिंगमध्ये) १३६६ची एरर येते, त्यात सुटका तरी आहे. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. मूळ मजकूर मग कुठल्याही उपायाने परत येत नाही, कारण तो साठवलेलाच नसतो.

आता सिंक्रोनाइझचं, म्हणजे टूलमधले बदल चालू डेटाबेसवर चढवण्याचं, बटण. याची मला खरी भीती वाटते. नवीन टेबल बिघडलं तर पाडून पुन्हा बांधता येतं. हे बटण चालत्या टेबलाला हात घालतं. मायएसक्यूएलमध्ये 'मॉडिफाय' किंवा 'चेंज' म्हणून कॉलम बदलायचा तर त्याची पूर्ण व्याख्या पुन्हा द्यावी लागते. जे लिहिलं नाही ते 'आहे तसं राहू दे' असं धरलं जात नाही. मी टूलमध्ये फक्त लांबी १२०ची १५० केली. टूलने अल्टरची, म्हणजे टेबल बदलणारी, ओळ काढली, तिच्यात कोलेट नव्हतं. ती ओळ चालवली असती तर लांबी वाढली असती आणि बिनचं पुन्हा एआय_सीआय झालं असतं. दोन्ही शब्द आत असलेल्या टेबलावर डुप्लिकेटची एरर येऊन निदान गाडी थांबली असती. युनिक इंडेक्स नसलेल्या कॉलमवर तीही नाही. वर कोलेशन बदललं की टेबल नव्याने लिहून काढावं लागतं, आणि तेवढा वेळ त्यावरचं लिखाण थांबतं. लांबी वाढवायला गेलेला माणूस भर दुपारी प्रॉडक्शन अडवून बसतो आणि त्याला कारण सुचत नाही.

परक्या कींचं सांगायलाच नको. मजकुराच्या दोन कॉलमांमध्ये फॉरेन की (एका टेबलातल्या किंमती दुसऱ्या टेबलाशी जोडणारं बंधन) बांधायची तर दोघांचा कॅरेक्टर सेट आणि कोलेशन एकच लागतं. तुम्ही एकाचं गाळलंत, दुसऱ्याचं ठेवलंत, तर ३७८०ची एरर. ही एरर मला आवडते. ती ओरडते.

मोडीचं एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. देवनागरीचं नेहमीच्या वापरातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या रीतीत) ३ बाइटांत मावतं, म्हणून मायएसक्यूएलच्या जुन्या, तीनच बाइट घेणाऱ्या 'यूटीएफ८'मध्ये आपलं वर्षानुवर्षं भागलं आणि यूटीएफ८एमबी४ २०१० साली ५.५.३मध्ये आलं तेव्हा अनेकांना त्याची गरजच कळली नाही. मोडी मात्र युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली, ती मूळ पट्ट्याच्या बाहेर, ४ बाइटांच्या वस्तीत. यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय या जुन्या कोलेशनमध्ये त्या वस्तीतल्या सगळ्या चिन्हांना एकच वजन आहे. सगळ्या म्हणजे सगळ्या, इमोजीसकट. परिणाम असा, की सारख्या लांबीचे कुठलेही दोन मोडी शब्द तिथं समान ठरतात. मोडी कागदांची सूची करणाऱ्याने त्या कॉलमला बिन दिलं असेल, टेबल जुन्या डिफॉल्टवर असेल, आणि तुमच्या एक्सपोर्टमध्ये बिन गळलं असेल, तर त्याच्या सूचीत पाच चिन्हांचा एकच शब्द शिल्लक राहील. पुढचा प्रत्येक पाच चिन्हांचा शब्द 'आधीच आहे' म्हणून परत जाईल.

ओरॅकल हा डेटाबेस वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं, पण कूळ एकच. तिथं व्हारचार२ची (मजकुराच्या कॉलमची) लांबी बाइटांत मोजायची की कॅरेक्टरांत, हे कॉलमला सांगता येतं. सांगितलं नाही तर मूळ डिफॉल्ट बाइट. मॉडेलमध्ये '३० कॅरेक्टर' लिहिलं आणि टूलने नुसतं ३० बाहेर काढलं, की देवनागरीची १० चिन्हं मावतात. १० म्हणजे किती? 'विद्यार्थ्यांना' हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. युनिकोडची चिन्हं १५. बाइट ४५. तीसचा कॉलम आणि चार अक्षरांचा शब्द, तरी १२८९९ची एरर: किंमत कॉलमपेक्षा मोठी आहे. ज्याने फक्त इंग्रजी डेटा भरून टेस्ट केली त्याला हे कधीच दिसणार नाही, आणि बहुतेक टूलांच्या टेस्ट तशाच असतात, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या बाजूने काय म्हणता येईल तेही पाहू. स्क्रिप्ट आटोपशीर दिसावी, हे ठीक आहे. प्रत्येक ओळीत कॅरेक्टर सेट, कोलेट लिहिलं की वाचवत नाही. मग आटोपशीर रूप ऐच्छिक करा आणि पूर्ण रूप डिफॉल्ट ठेवा. स्क्रिप्ट सर्व्हर वाचणार आहे, मी चुकून कधीतरी वाचतो. दुसरं म्हणणं, की समोरच्या सर्व्हरला ते कोलेशन माहीत नसेल तर? खरं आहे, ५.७ला ०९००वाली कोलेशन ठाऊक नाहीत आणि तो १२७३ची एरर देतो: अनोळखी कोलेशन. देऊ दे की! एरर आली की मी थांबतो, विचार करतो, दुसरं निवडतो. तुम्ही माझ्या वतीने गाळलंत की मी थांबत नाही. 'स्क्रिप्ट चालवण्याआधी तपासून घ्यावी' असं तुमच्या मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे. तपासायची कशाशी? तुमच्या पडद्यावर जे दिसतं त्याच्याशी. तिथं तर सगळं ठीकच दिसतं.

मला काय हवंय ते आता सांगतो. कॉलमवर जे निवडलं ते स्क्रिप्टमध्ये लिहा, टेबलासारखं असो वा नसो. 'वरच्याकडून आलेलं' आणि 'स्वतः दिलेलं' यांचा फरक फाइलीत जपा आणि पडद्यावर दाखवा. आलेलं फिकट, दिलेलं ठळक, एवढंही पुरे. एखादी गोष्ट बाहेर काढता येत नसेल तर एक्सपोर्ट संपताना तिची यादी द्या, कॉलमच्या नावासकट. सिंक्रोनाइझच्या आधी जो फरक दाखवता त्यात कोलेशनही धरा. आज लांबी, टाइप, नल एवढंच दिसतं.

आणि एक टेस्ट. तुमच्याकडे आहे का मला माहीत नाही, पण लिहायला तासभर पुरेल. मॉडेलमधून स्क्रिप्ट काढा, कोऱ्या सर्व्हरवर चालवा, त्या सर्व्हरवरून मॉडेल परत आत आणा, दोन मॉडेलं ताडून पाहा. सर्व्हरचं डिफॉल्ट मुद्दाम मॉडेलपेक्षा वेगळं ठेवा, नाहीतर गळती झाकली जाते. मी आता हेच हाताने करतो. इन्फर्मेशन स्कीमामध्ये, जिथं सर्व्हर स्वतःच्या रचनेची माहिती ठेवतो, कॉलम्स नावाचं टेबल आहे, त्यात प्रत्येक कॉलमचा कॅरेक्टर सेट आणि कोलेशन असतं. टेबलाचं नाव, कॉलमचं नाव, ही दोन सेटिंगं, एवढं बाहेर काढून आदल्या दिवशीच्या यादीशी ताडतो. यादी लांब नसते आणि फरक असला तर लगेच डोळ्यांत भरतो. तूर्त तुमच्या स्क्रिप्टच्या शेवटी मी स्वतःच्या हाताने अल्टरच्या ओळी जोडतो, आणि दर एक्सपोर्टनंतर त्या पुसल्या जातात म्हणून वेगळ्या फाइलीत ठेवतो. त्या फाइलीचं नाव 'टूलने गाळलेलं' असं आहे. नवीन माणूस आला की सगळ्यात आधी तिचंच विचारतो.

टूल चांगलं आहे, हे सांगायचं राहून जाऊ नये. चौकोन ओढताना रेघा आपोआप वळण घेतात, मोठं मॉडेल छापलं तरी वाचता येतं, आणि नव्या माणसाला रचना समजावायला त्याच्यासारखं दुसरं साधन माझ्या हाताशी नाही. म्हणून तर सोडून गेलो नाही, पत्र लिहितोय.

या बगची नोंद मी तुमच्याकडे रीतसर केलेली आहे. ती 'किरकोळ, दिसण्यासंबंधी' या खणात ठेवून बंद केली गेली. तो खण बदला, ही विनंती. पुन्हा घडवून पाहायला सोपं जावं म्हणून त्या नोंदीला एक छोटं मॉडेल नव्याने जोडलं आहे. टेबल एकच, कॉलम तीन, भरायला दोन शब्द. आधी दर्या भरा, मग दऱ्या. इग्नोर न लावता भरा.

कळावे,
आपला एक वापरकर्ता